अजी, धनराजचे बा

ब्रह्मपुरीकडच्या एका गावात वरात नदीकडच्या रस्त्याला वळली, पोरांनी ओरडून फर्माईश केली आणि मी ते गाणं लावलं. माझं कामच ते आहे. नदीच्या अलीकडे आरमोरीत माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्न, जयंती, पुढाऱ्याची सभा, ज्याला जसा आवाज पाहिजे तसा मी पुरवतो. स्वतःला कुठला आवाज आवडतो हे या धंद्यात मनात ठेवायचं असतं.

या गाण्यात सगळ्यात आधी एका बाईची हाक येते, 'अजीऽऽ'. रीमिक्सवाल्यानं तिचे कांदा चिरावा तसे तुकडे केलेत. अजी-अजी-अजी-अजी, आणि मग धाडकन ढोल. त्या धाडकनसाठी पोरं हात वर करून थांबतात. त्या दुपारीही थांबली होती. तेवढ्यात घोडीच्या मागून, घाटाचा उतार चढून एक म्हातारा वर आला. ओलं धोतर गुडघ्यांच्या वर खोचलेलं, हातात वल्हं. नाचणाऱ्या पोरांमधून वाट काढत तो एकेकाच्या तोंडाकडे पाहत विचारू लागला, "कोन हाय गा? कोनाले जायाचं हाय?"

पोरं खदखदून हसली. एकानं त्याच्या हातातलं वल्हं घेऊन गदेसारखं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "आजा, नवरदेवाले न्या बसवून!" म्हातारा हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं वल्हं परत मागून घेतलं, वरातीवरून एकदा नीट नजर फिरवली आणि आला तसा उतरून गेला. तो इस्तारी भाऊ होता, आमच्या काठावरच्या चिचघाटचा डोंगेवाला, होडीतून लोकांना नदीपार नेणारा. मी हात पुढं करून गाणं बंद केलं. वरातीत एकच बोंब उठली, नवरदेवाचा मामा माझ्या अंगावर धावून आला आणि मी सांगितलं की मशीन तापलं. खरं सांगून त्या मामाला काय कळणार होतं?

खरं असं की ते गाणं आमचं आहे. म्हणजे आता ते कोणाचं राहिलंय ते मलाही सांगता येणार नाही, पण जन्मलं ते आमच्याकडून. कुलदीप, मी, आणि पुढं एसटीत लागला तो आमचा बेसवाला. भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात आम्ही हात बसवले आणि मग आम्हाला वाटायला लागलं की आपण रॉक बँड आहोत. नाव ठेवलं 'सागवान'. कुलदीपनं नागपूरहून इलेक्ट्रिक गिटार आणली, मी ड्रम जमवले आणि गल्लीतल्या समस्त मंडळींनी आम्हाला हाकलून दिलं. तेव्हा आम्ही सगळं बिऱ्हाड बॅटरीसकट चिचघाटावर हलवलं. तिथं ऐकायला वैनगंगा होती, इस्तारी भाऊ होता आणि त्याची बांधलेली म्हैस होती. तिघांपैकी कोणी तक्रार केली नाही.

तेव्हा पूल नव्हता. हा काठ गडचिरोलीचा, तो चंद्रपूरचा, आणि मधे इस्तारी भाऊचा डोंगा. पलीकडून कोणी हाक मारली की इकडून त्यानं "आलोऽऽ" म्हणायचं. तो 'आलो' ऐकू आला की हाक मारणारा निवांत वाळूत बसायचा. नाही आला तर हाका मारत राहायचा. आजूबाजूला सगळ्यांना हे ठाऊक होतं. त्याची बायको ताराबाई ढिवरांच्या इतर बायांबरोबर ब्रह्मपुरीच्या बाजारात मासोळी विकायला जायची आणि दिवस मावळता पलीकडच्या काठावरून हाक मारायची, "अजीऽऽ, धनराजचे बाऽऽ!" नवऱ्याचं नाव कसं घेणार? म्हणून पोराचं नाव नदीवरून यायचं. धनराज तेव्हा शाळेत होता.

एका संध्याकाळी कुलदीपनं कोणाकडून तरी मागून आणलेलं रेकॉर्डिंगचं यंत्र घाटावर लावलं. गाण्याचे शब्द तयार होते. 'एका काठावर मी, एका काठावर घर, मधात पाणी, पाण्यात माझा सूर.' आता वाचताना साधे वाटतात, तेव्हा आम्हाला आपण जग जिंकल्यासारखं वाटलं होतं. गिटारची सुरुवात तो वाजवत होता, आणि नेमकी त्यातच ताराबाईची हाक आली. कुलदीपनं हात थांबवला. पुन्हा हाक आली. मग इस्तारी भाऊ उठला आणि त्याच्या वल्ह्याचा डोंग्याच्या कडेवर ठक्क असा ठोका पडला. तो ठोका ऐकून मी नकळत ड्रमच्या कडेवर काडी मारली. गाणं तिथून सुरू झालं. पुढं कुलदीपनं ती हाक गाण्यातच ठेवली, आणि तेच गाण्याचं नशीब उघडणारं ठरलं.

आम्ही सीड्या काढल्या, इंटरनेटवर टाकलं, आणि काही वर्षं काहीच झालं नाही. मग पुण्याच्या एका बँडनं ते उचललं. त्यांची गाणारी पोरगी ती हाक अशी मारते की नस फुटेल असं वाटतं. कॉलेजांच्या गॅदरिंगमधून ते देशभर गेलं. लोक मूळ गाणं त्यांचंच समजतात. नंतर मुंबईच्या एका सिनेमातल्या गायिकेनं बासरीबिसरी घालून गायलं. तिच्या तोंडी ते 'अजी' इतकं लाडाचं झालं की ऐकून मला लाज वाटली. त्या गायिकेच्या गाण्याखाली लोकांनी निबंध लिहिले आहेत. कोणी म्हणतं ती अरण्याची हाक, कोणी म्हणतं नक्षली हल्ल्यात नवरा गेलेल्या विधवेचा आक्रोश. बाबांनो, ताराबाईला घरी जायचं होतं. टोपलीत न खपलेली मासोळी होती आणि तिला डास चावत होते.

कुलदीप आधी पुण्याला, मग बंगळुरूला गेला. जाहिरातींची गाणी करतो. नाव झालं तसं त्यानं आमचं गाणं नव्यानं, 'स्वच्छ' रेकॉर्ड केलं. स्टुडिओतल्या बाईकडून हाक मारून घेतली, नदी पुसली, आणि माझ्या जागी मशीनचे ड्रम टाकले. जुनं काढून टाकलं. मला त्यानं सांगितलंही नाही. एका गिऱ्हाइकानं मोबाइलवर लावलं तेव्हा मला कळलं. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. लग्न मी केलं नाही, आई गेली, बेसवाल्याची बदली अहेरीला झाली. घरात बोलणारं म्हणाल तर दुकानातले स्पीकरचे बॉक्स, आणि तेही दुसऱ्यांचं बोलतात.

वरातीच्या दुसऱ्या दिवशी मी चिचघाटला गेलो. पूल झाल्यापासून घाटावर कोणी येत नाही. इस्तारी भाऊ चिंचेखाली जाळं विणत बसला होता. डोंगा मासोळीपुरता ठेवलेला. ताराबाई जाऊन काही पावसाळे झाले होते. धनराज हैदराबादला बिल्डिंगच्या कामावर असतो आणि सवड झाली की फोन करतो.

"भाऊ, काल ते गाणं वाजून राह्यलं होतं," मी म्हणालो. "खरी हाक नव्हती."

"मले मालूम हाय. बह्याड नाई मी."

"मंग काऊन येता? पोट्टे हासतात."

"हासू दे." त्यानं जाळ्याची गाठ दातानं ओढली. "हाक आली का डोंगा सोडाचा. खरी का खोटी, ते तिथी जाऊन पाहाचं. माह्या बानं हेच सांगतलं होतं. इथीच बसून खोटी म्हनली, आन एखाद्या दिवशी खराच मानूस उभा असला त?"

मी बिडी पुढं केली. त्यानं ती कानावर ठेवली आणि आणखी एक गाठ मारून म्हणाला, "राजदीप, एक सांग. तुमच्या गान्यात तिचा आवाज होता. आता लगन कोन्तंही असो, मी जातो, आयकतो. कोनी दुसरीच बाई असते. तुमी तिले कुठी ठेवलं?"

मी बिडीचं बंडल परत खिशात घातलं.

"चेहरा दिसते मले," तो म्हणाला. "बोलनं बी आठवते, शब्द न शब्द. पन आवाज गेला. आता तिचं बोलनं मी माह्याच आवाजात आयकून राह्यलो. असं कसं चालन गा? घरात दोघं होतो त दोन आवाज पाह्यजे ना."

घरात ताराबाईचा एक फोटो होता, आधार कार्डावरून मोठा केलेला. आवाज कुठंच नव्हता. तो जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण आम्ही बुजवून टाकलं होतं. मी आणून देतो म्हणालो. म्हणालो खरं, पण गाडीपर्यंत येईतो माझं मलाच भ्या वाटायला लागलं.

घरी माळ्यावरच्या सीड्या काढल्या. बुरशीनं त्यांवर नकाशे काढले होते; एकही लागली नाही. बेसवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, घर बांधताना सगळं भंगारात दिलं. इंटरनेटवर धुंडाळलं तर पुण्याचं, मुंबईचं, कोणा शाळेतल्या पोरांचं, कोणा पोलीस बँडचं, सगळ्यांचं गाणं मिळालं. आमचं नाही. उरला कुलदीप. दोन दिवस मी मोबाइल हातात घेत होतो आणि खाली ठेवत होतो. मग मनात आलं, तो म्हातारा खोट्या हाकेला नदी ओलांडून जातो आणि आपल्याला एक नंबर दाबवत नाही. दाबला.

"राज्या!" कुलदीप ओरडला. "अबे, जिवंत आहेस का?"

"घाटावरचं रेकॉर्डिंग पाह्यजे," मी म्हणालो. "कच्चं. साफ केलेलं नाही."

तिकडे कुठलं तरी गाणं चालू होतं ते त्यानं बंद केलं. मग म्हणाला, "एवढ्या वर्षांनी फोन केला आन हालहवाल बी नाई इचारत?"

"कसा आहेस?"

"बरा आहे. तू?"

"बरा आहे. रेकॉर्डिंग आहे का?"

"असन कुठंतरी जुन्या डिस्कमध्ये. पन त्यात नुसती खरखर आहे यार. वारा आहे, म्हैस आहे. कायले पाह्यजे?"

"ताराबाई आहे त्यात," मी म्हणालो. "इस्तारी भाऊले पाह्यजे."

मग तो अगदी हळू म्हणाला, "त्या गेल्या का?" त्याला माहीतच नव्हतं. ज्या हाकेवर त्याचं नाव झालं ती मारणारी बाई गेल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं, आणि कळवायला होतो तो मीच. माझा राग तिथंच सगळा गेला असं म्हणणार नाही, पण त्या क्षणी मला त्याची दया आली. दोन दिवसांत त्यानं फाइल पाठवली.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी ती ऐकली. वारा, पाणी, कुलदीपची गिटार, माझं खोकणं. आणि मग दुरून, नदीवरून आलेली, रुंद होत गेलेली हाक. "अजीऽऽ, धनराजचे बाऽऽ!" मधे थोडं थांबून पुन्हा तीच. आणि मग, जे गाण्यात आम्ही कधीच घेतलं नव्हतं ते: "आयकू येत नाई का जीऽऽ? पाय दुखून राह्यले माह्येऽऽ!" मला हसू फुटलं. ज्या हाकेवर लोक निबंध लिहितात तिच्या शेपटाला ही कुरकुर होती. त्या दिवशी इस्तारी भाऊला उशीर का झाला तेही आठवलं. पहिल्या हाकेला कुलदीपनं हात थांबवला, तेवढ्यात त्यानं हौसेनं गिटार मागून घेतली होती आणि मांडीवर घेऊन एकच तार वाजवत बसला होता. शेवटी जवळूनच त्याचा भरदार आवाज आला, "आलो वोऽऽ, आलो!" मग वल्ह्याचा ठोका. मग माझी काडी. हसता हसता मी रडलो, आणि बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवत होतं त्याला उद्या ये म्हणालो.

मोबाइल घेऊन मी घाटावर पळालो. इस्तारी भाऊच्या कानाशी धरला. वारा सुरू झाला, पहिलं 'अजी' निघालं, आणि त्यानं माझा हात झटकला.

"बंद कर, बंद कर."

"तीच आहे भाऊ."

"तीच हाय. पन कानाशी नोको." "कानाशी बोलाची त हळू बोलाची. ही हाक हाय. ही नदीवरून आली पाह्यजे." त्यानं पलीकडच्या काठाकडे बोट केलं. "तुह्यापाशी भोंगा हाय ना? तिथी नेऊन लाव. ती उभी राहे तिथी, उंबराच्या खाली. मी इथी बसतो."

"आन तुमचा आवाज आहे त्यात, 'आलो' म्हनलेला. तो ठेवू का?"

"तो काढ. तो मी देईन." मग जरा विचार करून म्हणाला, "मी 'आलो' म्हनलं का बंद कर. तवरी वाजू दे. ती तसीच करे."

तर दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मी छोट्या गाडीत भोंगा, मशीन आणि बॅटरी टाकून पुलावरून पलीकडे गेलो. मोठे बॉक्स मुद्दामच नेले नाहीत. त्यांच्यातून ताराबाई वरातीसारखी वाजली असती. उंबराखाली वाळूत भोंगा नदीकडे तोंड करून ठेवला. पलीकडे चिंचेखाली पांढरं धोतर दिसत होतं, त्याच्याजवळ डोंगा. त्याचा 'आलो' कापून ठेवलेली फाइल मी लावली.

"अजीऽऽ, धनराजचे बाऽऽ!"

हाक पाण्यावरून गेली. खरंच गेली, कानाशी ऐकण्यात आणि यात किती अंतर आहे ते मला तेव्हा कळलं. पलीकडे तो उभा राहिला. मी 'आलो' ऐकायला कान टवकारले. काही नाही. दुसरी हाक गेली. मग कुरकुर गेली, पाय दुखून राह्यले माह्ये. तो तसाच उभा. फाइल संपली तशी मी पुन्हा लावली.

त्याला ऐकू जात नसेल असं वाटून आवाज थोडा वाढवला. वारा तर इकडून तिकडेच होता. पुन्हा लावली, पुन्हा लावली. तो आता डोंग्याला हात लावून उभा होता, पण दोर सोडत नव्हता. वाळूत भाजीचे वेल लावणाऱ्या दोन बाया काम टाकून आल्या. "काय चालू हाय जी हे?" एकीनं विचारलं. मी म्हणालो, टेस्टिंग. दुसरी माझ्यापेक्षा मोठी होती, ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे त तारा हाय." मग तिनं पदर तोंडाला लावला आणि दोघी तिथंच बसून राहिल्या.

मला काळजी वाटू लागली. म्हाताऱ्याचं काही बरंवाईट तर झालं नाही? पण तो उभा दिसत होता. मग राग आला. माणसानं ठरवल्याप्रमाणे वागावं की नाही? मी ओरडलोही, "भाऊऽऽ!" त्यानं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. ती हाका मारत होती, घरी यायचं म्हणत होती, आणि तो या सगळ्या वर्षांत खोट्या हाकांना धावून जाणारा माणूस, खऱ्या हाकेला उत्तर देत नव्हता. माझ्यामागे सूर्य उंबराच्या शेंड्याला टेकला. मी मोजणं सोडलं आणि नुसता बटण दाबत राहिलो.

शेवटी बॅटरी बसली. 'धनराजचे बा' मधलं 'बा' घरंगळत खाली गेलं आणि भोंगा गप्प झाला. नदीचा आवाज तेवढा राहिला. मी तारा हलवून पाहिल्या, उगाच. मग पलीकडून, फाटका पण सगळा जोर लावलेला आवाज आला.

"आलो वोऽऽ! आलो!"

वल्ह्याचा डोंग्याच्या कडेवर ठक्क ठोका पडला. माझा उजवा हात आपोआप हलला.

तो सावकाश आला. उंबराखाली डोंगा लावून, वल्हं वाळूत रोवून त्यानं एका हातानं डोंगा धरून ठेवला, जसा कोणी डोक्यावर टोपली घेऊन चढत असेल तेव्हा धरतात. तेवढा वेळ तो तसाच थांबला. मग तो मला म्हणाला, "बस."

"माझी गाडी आहे इथी, भाऊ."

"राहू दे गाडी. बोलावलेला डोंगा रिकामा नेत नाई."

मी भोंगा मांडीवर घेऊन बसलो. तो वल्हवत होता, मी त्याच्या पाठीकडे पाहत होतो. नदीच्या मधोमध आल्यावर मला राहवलं नाही.

"ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं."

"मंग आवाज काऊन नाई देला? मी किती वेळ लावून राह्यलो होतो."

त्यानं वल्हं पाण्यातून काढून आडवं धरलं. थेंब गळत होते.

"तुले मालूम हाय ना," तो म्हणाला, "आलो म्हनलं का मंग ती हाक नाई मारत."

त्यानं पुन्हा वल्हं पाण्यात घातलं. डोंगा या काठाला लागला.